उतारा एकाच्या नावावर, खत दुसऱ्याच्या ट्रंकेत

कर्नाटकाच्या महसूल खात्याने २०२५ मध्ये ‘ई-पौती’ नावाची मोहीम हाती घेतली. मयत खातेदारांच्या नावावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जमिनी वारसांच्या नावावर करून द्यायच्या, असा तिचा उद्देश. तलाठ्याने (त्यांचे सरकारी नाव आता वेगळे आहे, गावात मात्र तलाठीच) वंशावळ, मृत्यूचे दाखले आणि वारसांचे आधार गोळा करायचे आणि उतारा बदलून द्यायचा. मोहीम चांगलीच आहे. आजोबांच्या नावावरचा उतारा घेऊन पीककर्जाला येणारे आणि रिकाम्या हाताने परत जाणारे शेतकरी मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले. पण या मोहिमेच्या एका बाजूबद्दल कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हा लेख. त्या मयत खातेदाराने हयातीतच ती जमीन कोणाला विकलेली असेल, आणि घेणाऱ्याने उताऱ्यावर आपले नाव चढवून घेतले नसेल, तर काय होईल?

आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. कणकुंबी, पारवाड, चिगुळे, आमटे, जांबोटी या पट्ट्यातली किती घरे बेळगाव, गोवा, मुंबईला स्थिरावली ते आपण सगळे जाणतो. त्यांतल्या अनेकांच्या वडिलांनी किंवा काकांनी नोकरीच्या पैशातून गावात एखादा एकर, एखादा काजूचा तुकडा घेतला. खानापूरला जाऊन खरेदीखत केले, नोंदणी झाली, खत ट्रंकेत ठेवले आणि रजा संपली म्हणून परत कामावर गेले. तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार करून घ्यायचा राहिला. त्या काळी ते काम आपोआप होत नसे, मागे लागावे लागे. उताऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव राहिले. पुढे विकणारा वारला. त्याच्या मुलांना जुना व्यवहार ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे पण सोयीचा नाही. त्यांनी वारसा करून घेतला, उतारा त्यांच्या नावावर आला, आणि चोर्ला रस्त्याच्या कडेला भाव आल्यावर तोच तुकडा शहरातल्या माणसाला विकला. दुसरे खतही नोंदणी झालेले, मुद्रांक शुल्क भरलेले, आणि उतारा अगदी चोख. पावसाळ्यानंतर गावी गेलेल्या पहिल्या खरेदीदाराच्या मुलाला आपल्या जमिनीत सिमेंटचे खांब आणि तारेचे कुंपण दिसते.

अशा वेळी गावात पहिले वाक्य ऐकू येते ते, ‘उतारा ज्याच्या नावावर, जमीन त्याची’. वकिलाकडे जायच्या आधीच निम्मी माणसे या वाक्याने खचतात आणि समोरचा देईल त्या रकमेवर सही करून मोकळी होतात. वाक्य चुकीचे आहे. ते चुकीचे का, आणि तरीही इतके खरे का वाटते, हे समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे जाईल.

आपल्याकडे जमिनीची दोन दप्तरे आहेत आणि ती वेगवेगळ्या कामांसाठी जन्माला आली. एक महसुलाचे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे दप्तर सुरू झाले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपली जुनी दप्तरे त्याच घडणीची. आज तेच काम १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याखाली चालते आणि संगणकीय उतारा, म्हणजे आरटीसी, २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून आला. या दप्तराचा मूळ प्रश्न एकच: सारा कोणाकडून वसूल करायचा? दुसरे दप्तर उपनोंदणी कार्यालयाचे, १९०८ च्या नोंदणी कायद्याचे. तिथे खताची नोंद होते. कोणी, कोणाला, काय लिहून दिले आणि कधी, एवढेच तिथे नोंदले जाते. लिहून देणाऱ्याला तो हक्क होता की नाही, हे तपासणे त्या कार्यालयाचे काम नाही.

म्हणजे मालकी कोणाची हे छातीठोकपणे सांगणारे दप्तर आपल्या देशात नाहीच. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये तसे दप्तर सुरू केले. तिथे सरकारी नोंद हीच मालकी. आपल्याकडे उताऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानायची, असा कायदा आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. मालकी ठरते ती खताने, आणि खत देणाऱ्याच्या हातात त्या दिवशी काय शिल्लक होते त्यावरून.

शिल्लक हा शब्द मी मुद्दाम वापरला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४८ म्हणते की एकाच मालमत्तेत एकाच माणसाने वेगवेगळ्या वेळी हक्क दिले आणि ते सगळे एकत्र नांदू शकत नसतील, तर नंतरचा हक्क आधीच्या हक्काच्या अधीन राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या चेकने खाते रिकामे झाले. दुसऱ्या चेकवरची सही खरी आहे, चेकबुक खरे आहे, तारीख बरोबर आहे, पण खात्यात पैसेच नाहीत. असा चेक घेणारा प्रामाणिक असू शकतो. त्याच्या प्रामाणिकपणाने खात्यात शिल्लक येत नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक वाद निकाली काढला. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले ते अपील होते. पहिले खरेदीखत १९८५ चे. मुद्रांक शुल्काच्या त्रुटीमुळे त्याची नोंदणी रखडली ती थेट २०११ मध्ये झाली. मधल्या काळात, २०१० मध्ये, तीच जमीन दुसऱ्याला विकली गेली आणि त्या खताची नोंदणी आधी झाली. दुसऱ्या खरेदीदाराने प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली, असे धरून उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोंदणी कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे खताची नोंदणी उशिरा झाली तरी त्याचा अंमल ते लिहून दिल्याच्या दिवसापासून धरला जातो. त्यामुळे २०१० मध्ये विकणाऱ्याकडे विकायला काही उरलेच नव्हते, आणि घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही.

हा निकाल वाचून खूश होण्याआधी थांबावे. कलम २३ प्रमाणे खत सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला सादर करावे लागते. सादर केलेले खत कार्यालयात अडकले तर त्याला पुढे संरक्षण मिळू शकते. सादरच न केलेल्या कागदाला मिळत नाही. आणि बेळगाव परिसरात नेमकी हीच मोठी जात आहे, ‘बॉण्डवर घेतलेली जागा’. शंभर रुपयांच्या बॉण्ड पेपरवर मजकूर टाइप करायचा, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पैसे रोख, आणि ‘आपलीच माणसे आहेत’. शहराच्या कडेचे कितीतरी प्लॉट असे हातोहात गेले. कायद्याने १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. बॉण्ड म्हणजे फार तर साठेकरार, आणि साठेकराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्र आणि करार जोडून केलेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

इथे पारडे उलट फिरते. पहिल्याकडे बॉण्ड आणि दुसऱ्याकडे नोंदणीकृत खत असेल, तर आधीची तारीख पुरेशी पडत नाही. पहिल्याला करार पुरा करून मागण्याचा दावा लावता येतो, तोही साधारण ३ वर्षांच्या मुदतीत. दुसऱ्याने पूर्ण पैसे दिले असतील आणि त्याला आधीच्या कराराची माहिती नसेल, तर तो त्या दाव्यातून सुटतो. म्हणजे उच्च न्यायालयापर्यंत भांडण जिथे गाजते तो ‘प्रामाणिक खरेदीदार’ इथे खरोखर कामाला येतो. विसार देऊन, किंवा आपल्याकडच्या शब्दात संचकार करून, दहा वर्षे गप्प बसलेल्यांनी हे नीट वाचावे.

‘माहिती नव्हती’ म्हणणे मात्र वाटते तितके सोपे नाही. कायदा दोन गोष्टींना माहिती मानतो. एक, नोंदणी झालेले आधीचे खत. ते तुम्ही पाहिले नसले तरी पाहिले असे धरले जाते. दुसरी, जमिनीवरचा प्रत्यक्ष ताबा. जमीन कोणी कसत असेल तर त्याचा हक्क काय ते विचारणे घेणाऱ्याचे कर्तव्य, आणि विचारले नाही तरी त्याला माहीत होते असे समजले जाते. आपली अडचण इथे सुरू होते. मलप्रभेच्या उगमाकडचा आपला मुलूख, पावसाळ्यात चार महिने माणूस शेताच्या बांधावर पोचणे मुश्कील. एक भाताचे पीक, बाकी पड. मालक मुंबईला, बांध ढासळलेला, मोजणीचे दगड झुडपात. दुसरा खरेदीदार उभा राहून चारी बाजूंना पाहतो तेव्हा त्याला विचारण्यासारखे कोणी दिसतच नाही. काजूची वीस झाडे लावून दरवर्षी ती कोणाला तरी लिहून कसायला दिली, तरी तो ताब्याचा पुरावा ठरतो.

खरेदीआधी सगळे ईसी काढतात, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा बोजा दाखला. फॉर्म १५ मध्ये झालेले व्यवहार येतात. काहीच नसेल तर फॉर्म १६ मिळतो. फॉर्म १६ हातात पडला की माणसे निर्धास्त होतात. कर्जाच्या फायली तपासताना हा दाखला माझ्या हाताखालून वर्षानुवर्षे गेला, म्हणून त्याच्या मर्यादा सांगतो. संगणकावरच्या नोंदी साधारण २००४ पासूनच्या आहेत. त्याआधीच्या हस्तलिखित पुस्तकांतून वेगळा अर्ज करून काढाव्या लागतात, आणि ऑनलाइन दाखला काढणारा ते करत नाही. १९८५ चे खत त्यात दिसणारच नाही. दुसरे, शोध नंबरावर चालतो. जुने खत सर्व्हे नंबर ४० चे (नंबर उदाहरणादाखल) आणि पुढे पोटहिस्से पडून तुमचा तुकडा ४०/२/ब झाला, तर नव्या नंबरावर काढलेल्या दाखल्यात जुने खत न येण्याची शक्यता मोठी. तिसरे, बॉण्ड पेपर त्यात कधीच येत नाही. एकदा एका गृहस्थांनी माझ्या टेबलावर फॉर्म १६ ठेवला आणि त्याच पिशवीतून, चुकून, त्यांच्या वडिलांनी तीच जागा विकल्याची जुनी प्रतही बाहेर आली. आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

दोनदा विक्रीचा आणखी एक प्रकार आपल्याकडे चालतो, त्यात फसवण्याचा हेतू नेहमी असतोच असे नाही. चार भावांचा एक सर्व्हे नंबर, वाटणी तोंडी. रस्त्याकडची बाजू प्रत्येकाला आपली वाटते. थोरला आपला हिस्सा विकताना चतुःसीमेत ‘पूर्वेस रस्ता’ लिहितो; पाच वर्षांनी धाकटाही आपला हिस्सा विकताना ‘पूर्वेस रस्ता’ लिहितो. दोघांनीही आपापला चौथा हिस्साच विकला, पण जागा तीच दाखवली. कायद्याने दोन्ही खरेदीदारांना अविभक्त हिस्साच मिळाला, रस्त्याकडचा तुकडा कोणालाच नाही. आता सगळ्यांनी मिळून वाटणीचा दावा लढायचा. यासाठीच कर्नाटकात शेतजमिनीच्या नंबरातला भाग विकताना मोजणी करून ११ई नकाशा जोडावा लागतो. तो नसताना झालेली जुनी खते मात्र आहेत तशीच आहेत.

२०२० मध्ये कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमे काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. घाटमाथ्यावर रिसॉर्ट आणि फार्महाऊस आले. जमिनीला भाव नव्हता तेव्हा ट्रंकेतल्या खताची कोणाला पर्वा नव्हती. भाव आला आणि जुने व्यवहार विसरण्यात फायदा दिसू लागला. घाटाखाली गोव्यात याचे मोठे रूप दिसले. तिथे जमीन बळकावण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही. तिथे बनावट कागदांचा भाग जास्त होता, पण निशाण्यावर जमिनी होत्या त्या परगावी गेलेल्या मालकांच्या. तेवढे आपल्याशी जुळते.

सरकार, न्यायालये काय करत आहेत? एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विकणाऱ्याने मालकीचा पुरावा दिला नाही म्हणून खत नोंदवायचे नाही, असा नियम १९०८ च्या कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारचा नियमही रद्द झाला. तिथे विकणाऱ्याच्या नावावर महसुली नोंद असल्याशिवाय नोंदणी होत नव्हती. नोंदणी आणि मालकी एका धाग्यात बांधण्यासाठी ब्लॉकचेनसारख्या तंत्राचा विचार व्हावा, असेही न्यायालयाने सुचवले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकाल बरोबर असतील. व्यवहारात त्यांचा अर्थ असा की दारावरचा पहारेकरी फक्त वहीत नाव लिहून घेणार. आत जाणारा कोण ते तुम्ही पाहायचे. केंद्राने मे २०२५ मध्ये नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. त्यात साठेकरार आणि मुखत्यारपत्रांची नोंदणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव आहे. तो कायदा झाला तर बॉण्डचा धंदा पुष्कळ आटोक्यात येईल, असे मला वाटते. कर्नाटकापुरते पाहिले तर नोंदणीची ‘कावेरी’ आणि उताऱ्याची ‘भूमी’ या दोन प्रणाली जोडलेल्या आहेत. खत झाले की वर्दी आपोआप तहसीलला जाते. नवी खरेदी ही साखळी बऱ्यापैकी सांभाळते. जुनी, न चढवलेली खरेदी तिला दिसत नाही. तिला उताऱ्यावरचे नाव दिसते, आणि आता त्या जागी मयताच्या मुलांची नावे, आधारशी जोडून, येणार आहेत. मुलांच्या हातात आलेला उतारा पूर्वीपेक्षा कितीतरी पक्का दिसेल. माझी काळजी ती हीच.

पोलिसात जाऊ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दुसऱ्याची जमीन आपली म्हणून विकणे म्हणजे बनावट दस्तऐवज करणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात म्हटले आहे. सही विकणाऱ्याने स्वतःच्याच नावाने केलेली असते. फसवणूक झाली असेल तर ती पैसे देणाऱ्या दुसऱ्या खरेदीदाराची. त्याला तक्रार करता येते. पहिल्याचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जातो: मालकी जाहीर करून मागायची, मनाई मागायची, ताबा गेला असेल तर तोही. हक्क नाकारला गेल्यापासून घोषणेच्या दाव्याला ३ वर्षे आहेत, मालकीच्या आधारे ताबा मागायला १२. कुंपण दिसल्याचा दिवस लिहून ठेवावा.

दाव्याची पाळीच येऊ नये म्हणून आत्ता करण्याचे काम त्यामानाने लहान आहे. ज्यांच्या घरात जुने नोंदणीकृत खत आहे त्यांनी त्या नंबरचा आजचा उतारा काढावा. त्यात रकाना ९ मध्ये खातेदाराचे नाव असते, रकाना १० मध्ये ते कोणत्या फेरफाराने आले ते, आणि ११ मध्ये बोजा व इतर हक्क. रकाना ९ मध्ये अजून जुन्या विकणाऱ्याचे नाव असेल तर खताची सही-शिक्क्याची नक्कल जोडून खानापूर तहसीलला फेरफाराचा अर्ज करावा आणि पोच घ्यावी. वारसांची नोंद आधीच सुरू झाली असेल तर लेखी हरकत द्यावी. हरकत आली की प्रकरण वादग्रस्त म्हणून सुनावणीला जाते. नोंद होऊन गेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आहे. खरेदीदार स्वतः हयात नसेल तर त्याच्या वारसांना त्यांचीही वंशावळ लागेल, तेव्हा भावंडांनी आधी एकत्र बसावे. कळसा कालव्यासारखे भूसंपादन आले तरी नोटीस उताऱ्यावरच्या नावालाच जाते, हेही ध्यानात ठेवावे.

कागद कन्नडमध्ये आहेत, आपल्या मुंबईच्या मुलांना वाचता येत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण कन्नड उतारा किंवा खत कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाटणी, हिस्सा, बक्षीसपत्र, वारसा, वर्दी, कब्जा हे शब्द जसेच्या तसे कानावर पडतील. या भागातल्या महसुली कन्नडने ते आपल्याकडूनच उचलले आहेत. जुनी काही कागदपत्रे मोडीत असतील तर ती फेकू नयेत.

मला कन्नड उतारा वाचता येतो. गणपतीला गावी येणाऱ्या सभासदांनी खत आणि उतारा बरोबर आणला तर मी बसून पाहून देईन; वकिली सल्ला नव्हे, फक्त वाचून. मोबाइलवरचा पहिल्या पानाचा फोटो पुरत नाही. पानांची मागची बाजूही लागते, नोंदणीचा शिक्का आणि क्रमांक बहुतेक वेळा तिथेच असतो.